दंड भरणं सोपं, दाद मागणं अवघड

पाचशे रुपयांचं चलान भरायला माझ्या दुकानात दोन मिनिटं पुरतात. गाडीचा नंबर टाकायचा, चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे, यूपीआयने पैसे भरायचे आणि पावती छापून घ्यायची. तेच चलान चुकीचं आहे असं म्हणायचं असेल, तर कुठे जायचं, कोणाला भेटायचं, अर्जात काय लिहायचं आणि उत्तर कधी येणार, हे समोरच्या माणसाला ठाऊक नसतं. सरकारने पैसे घेण्याची वाट इतकी सरळ केली आणि गाऱ्हाणं ऐकण्याची वाट इतकी आडवळणाची का ठेवली, हा माझा प्रश्न आहे.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, घोडपदेवच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पूर्वी शाळेचे दाखले, रेशन कार्ड आणि बोर्डाच्या फॉर्मांचीच गर्दी असायची. आता रोज कोणी ना कोणी मोबाईल पुढे धरून विचारतं, "ताई, हे चलान आलंय, बघता का जरा?" भायखळ्याच्या भाजी मार्केटात पहाटे माल टाकणारे टेम्पोवाले, घरोघरी जेवण पोचवणारी मुलं, शाळेच्या व्हॅनचे चालक, टॅक्सीवाले ही माझी गिऱ्हाइकं. बहुतेकांची कमाई रोजची आहे. त्यांच्यासाठी पाचशे रुपये म्हणजे त्या दिवशी घरी काय न्यायचं हा प्रश्न असतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. मी दंडाच्या विरोधात नाही. क्रॉफर्ड मार्केटकडून आमच्याकडे येणाऱ्या जे. जे. उड्डाणपुलावर 2010 पासून दुचाकींना बंदी आहे. त्या पुलावर दुचाकींचे अपघात झाले म्हणूनच ती बंदी आली. तरीही मोबाईलवरचा नकाशा दाखवेल तिकडे गाडी घालणारी मुलं त्या पुलावर चढतात आणि चलान घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, बाळा, हे चलान बरोबर आहे, भर आणि पुन्हा त्या पुलावर जाऊ नकोस. ग्लोरिया चर्चसमोरून शाळेत जाणारी मुलं, राणीच्या बागेसाठी आंबेडकर रोड ओलांडणारी कुटुंबं, खडा पारशीच्या चौकात बावरून उभे राहणारे म्हातारे रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात. सिग्नल तोडणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. माझं गाऱ्हाणं आहे ते ज्याने गुन्हा केलाच नाही त्याच्याकडून होणाऱ्या वसुलीबद्दल, आणि ज्याने केला त्यालाही पुरावा धड न दाखवण्याबद्दल.

अशी चलानं साधारण तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार नंबरच्या घोळाचा. एका टेम्पोवाल्याला हेल्मेट घातलं नाही म्हणून चलान आलं. तीनचाकी टेम्पोला हेल्मेट कुठून येणार? फोटो उघडला तर त्यात स्कूटर होती आणि तिच्या पाटीवरचा एक आकडा पुसट होता. दुसरा प्रकार विकलेल्या गाडीचा. गाडी विकून वर्षं लोटलेली असतात, पण नवा मालक कागद स्वतःच्या नावावर करून घेत नाही आणि त्याचे दंड जुन्या मालकाच्या मोबाईलवर येत राहतात. तिसरा प्रकार एकाच चुकीच्या अनेक चलानांचा. गाडी एकाच जागी, एकाच दुपारी उभी असते आणि थोड्या थोड्या वेळाने तिची वेगवेगळी चलानं निघतात. यातलं प्रत्येक चलान कोणत्या चौकीतून निघालं याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो एवढ्यानेच, की चूक दाखवून दिल्यावर ती कोण दुरुस्त करणार.

माझे यजमान काळी-पिवळी टॅक्सी चालवायचे. त्या काळी हवालदार कागदाची पावती फाडायचा. कधी लायसन्स ठेवून घ्यायचा आणि मग ते सोडवायला चौकीत किंवा कोर्टात जावं लागायचं. त्या व्यवहारात खोटेपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. चिरीमिरीच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. पण दंड करणारा माणूस समोर असायचा, त्याच्याशी तिथल्या तिथे बोलता यायचं. मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये ई-चलान सुरू झालं आणि 2019 मध्ये ते राज्यभर पसरलं. हवालदाराच्या हातातला रोख पैसा कमी झाला, हे या पद्धतीचं मोठं यश आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण त्याबरोबर समोरचा माणूसही गेला. आता चूक कॅमेऱ्याने केली, चौकीने केली की संगणकावर नंबर टाकणाऱ्याने केली, हे विचारायला कोणीच समोर नसतं.

त्यात दंड वाढले. केंद्राने 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने डिसेंबर 2021 मध्ये नवे दर लागू केले. नो पार्किंगसारख्या साध्या गुन्ह्याचा दंड दोनशेवरून पाचशेवर गेला आणि तोच गुन्हा पुन्हा केला तर पंधराशे झाला. वाढीव दंडाने शिस्त येते असं सरकारचं म्हणणं आहे. तसं असेल तर दंड वाढवताना पुरावाही तितकाच पक्का करायला हवा होता. दोनशे रुपयांची चूक माणूस सोसतो. पंधराशेची चूक रोजंदारीवरच्या माणसाला सोसत नाही.

कायदा या बाबतीत वाहनचालकाच्या बाजूने बरंच काही बोलतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. 2019 च्या दुरुस्तीत कलम 136 अ आलं आणि त्याखाली ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167 अ हा नियम घातला गेला. कॅमेऱ्याने गुन्हा टिपायचा असेल तर त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र असलं पाहिजे. जिथे असे कॅमेरे आहेत तिथे वाहनचालकाला दिसतील असे सूचनाफलक लावले पाहिजेत. चलानासोबत गुन्हा आणि नंबरपाटी दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला हे दिलं पाहिजे. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही हवं. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस निघाली पाहिजे, असंही त्या 2021 च्या नियमात लिहिलं आहे.

आता माझ्या दुकानात येणारी चलानं या नियमाशेजारी ठेवून पाहा. कित्येकांच्या फोटोत गाडी दिसते, पण गुन्हा दिसत नाही. सिग्नल तोडला असं लिहिलेलं असतं आणि फोटोत सिग्नलच नसतो. काहींना मेसेज येतो तोच महिने उलटल्यावर, कारण आरसीवर जुना मोबाईल नंबर असतो. गाडी विकायला काढली किंवा विम्याचं काम निघालं की एकदम पाच-सात चलानं समोर येतात. इतक्या दिवसांनी त्या दुपारी आपण कुठे होतो, गाडी कोणाच्या हातात होती, हे कोणाला आठवणार? पंधरा दिवसांची अट त्यासाठीच आहे. आठवण ताजी असेल तरच माणूस आपली बाजू मांडू शकतो.

दुसरी मुदतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घ्यायची नाही, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 514 मध्ये आहे. उशिराचं योग्य कारण पटलं किंवा न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर न्यायालय ती मुदत ओलांडू शकतं. पण मुळात कायद्याची इच्छा अशी, की छोटा गुन्हा वर्षानुवर्षं माणसाच्या डोक्यावर टांगता राहू नये. प्रत्यक्षात राज्यात थकलेल्या ई-चलानांची रक्कम दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेली आहे. ही रक्कम जाहीर झाली की लोक किती बेशिस्त आहेत अशी चर्चा होते. त्यातली किती चलानं वेळेत पोचली, किती फोटोंत गुन्हा दिसतो आणि किती प्रकरणं मुदतीत कोर्टात गेली, हे कोणी विचारत नाही.

आता नोंदी कुठे सापडतात ते सांगते, कारण निम्मी भीती तिथेच आहे. पहिली जागा राज्याच्या वाहतूक पोलिसांची महाट्रॅफिक ई-चलान वेबसाइट आणि त्यांचं ॲप. मुंबईच्या रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी केलेलं चलान तिथे गाडीच्या नंबरावर दिसतं आणि फोटोही तिथेच मिळतो. दुसरी जागा केंद्राच्या परिवहनची ई-चलान वेबसाइट. आरटीओच्या भरारी पथकाने केलेली चलानं तिथे असतात. ताडदेव आरटीओची एमएच-01 गाडी असो की दुसरी कुठली, एका जागी काही दिसलं नाही म्हणून दंड नाही असं समजू नये. तिसरी जागा व्हर्च्युअल कोर्टाची वेबसाइट. चलान कोर्टाकडे गेलं की ते तिथे येतं. राज्य निवडताना महाराष्ट्राचा वाहतूक विभाग निवडायचा आणि चलान नंबर, गाडीचा नंबर, मोबाईल नंबर, पक्षकाराचं नाव किंवा सीएनआर नंबर यांपैकी एक टाकून शोधायचं. सीएनआर हा कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक. चौथी जागा ई-कोर्ट्सची वेबसाइट आणि ॲप. प्रकरण प्रत्यक्ष न्यायालयात गेलं तर पुढची तारीख, कोणतं कोर्ट आणि काय आदेश झाला हे तिथे कळतं.

एका पाचशे रुपयांच्या दंडासाठी माणसाने चार दारं ठोठावायची. प्रत्येक दाराची पद्धत वेगळी, ओटीपी वेगळा आणि पडद्यावरचा बराचसा मजकूर इंग्रजीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. राज्याचा कारभार मराठीत चालावा म्हणून तो झाला. इतक्या वर्षांनंतरही आपल्यावर कोणता आरोप आहे हे वाचून घ्यायला टेम्पोवाल्याला माझ्या दुकानात यावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. माझा धंदा त्यावर चालतो हे खरं, पण आपल्यावरचा आरोप वाचायला कोणालाही दुकानदार लागू नये.

व्हर्च्युअल कोर्टाची कल्पना चांगली आहे. देशातलं पहिलं असं कोर्ट जुलै 2019 मध्ये दिल्लीत सुरू झालं. आपल्या राज्यात वाहतूक चलानांसाठीचं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट 31 ऑक्टोबर 2020 ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला सुरू झालं आणि त्याचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केलं. काटोलला बसलेल्या न्यायाधीशासमोर मुंबईतलं प्रकरण जाऊ शकतं, ही सोय खरीच मोठी आहे. चलान उघडलं की दोन पर्याय असतात. एक म्हणजे प्रस्तावित दंड मान्य करून भरणं. दुसरा म्हणजे प्रकरण लढवणं. पहिल्या पर्यायात सगळं घरबसल्या संपतं. दुसरा निवडला की प्रकरण गाडी पकडली गेली त्या भागातल्या न्यायालयाकडे जातं आणि पुढची वाट जुन्याच पद्धतीची असते. तारीख, हजेरी, थांबणं, पुन्हा तारीख.

इथेच माझी गिऱ्हाइकं माघार घेतात. जेवण पोचवणाऱ्या मुलाला मी विचारते, फोटोतली गाडी तुझी नाही, मग लढ ना. तो हिशेब करतो. कोर्टात एक दिवस गेला तर त्या दिवसाची कमाई गेली, ॲपवरचं रेटिंग घसरलं, वकील केला तर त्याची फी वेगळी. पाचशे रुपये देऊन मोकळं होणं त्याला स्वस्त पडतं. तो दंड भरतो आणि कागदोपत्री गुन्हा कबूल करतो. असं करणारा माणूस दोषी म्हणून मोजला जातो. आपल्याकडे दंड भरणाऱ्यांचे आकडे म्हणजे गुन्ह्याचे आकडे, असं जे धरून चालतात त्यांनी हा हिशेब एकदा समजून घ्यावा.

लोक अदालतीचंही तसंच. 25 सप्टेंबर 2021 च्या राष्ट्रीय लोक अदालतीसाठी थकलेल्या चलानांच्या नोटिसा मोबाईलवर आल्या, तेव्हा आमच्या भागात धावपळ उडाली. कोर्टाचं नाव वाचून लोक घाबरले. वॉरंट निघेल, घरी पोलीस येतील, असं कोणी कोणी सांगत होतं. लोक अदालत ही तडजोडीची जागा आहे. दोन्ही बाजूंना मान्य असेल तरच तिथे प्रकरण मिटतं आणि मिटल्यावर त्यावर अपील नसतं. मान्य नसेल तर प्रकरण नेहमीच्या वाटेने जातं. जो दोषी आहे आणि ज्याची चलानं साचली आहेत त्याच्यासाठी लोक अदालत चांगली आहे. पण ज्याची गाडीच फोटोत नाही, त्याने तडजोड कसली करायची? त्याला चलान रद्द झालेलं हवं आहे.

वाहनचालकांच्या तक्रारी म्हणजे कांगावा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलै 2025 आठवावा. ई-चलानाच्या विरोधात राज्यातल्या माल वाहतूकदारांनी आणि बसमालकांनी संप पुकारला होता. त्याच सुमारास पोलिसांनी खासगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढून नंतर चलान टाकू नये, अधिकृत यंत्रच वापरावं, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयातून निघाली. ही सूचना काढावी लागली, याचाच अर्थ तसं घडत होतं. खासगी मोबाईलमधला फोटो कोणत्या वेळी काढला, कोणी काढला, तो किती दिवसांनी चढवला, याचा पुरावा कोर्टात कसा टिकणार?

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत आणि त्या अवघड नाहीत. भायखळ्यासारख्या प्रत्येक वाहतूक विभागात एक खिडकी असावी, जिथे माणूस चलानाचा फोटो मोठा करून पाहू शकेल, आक्षेप मराठीत लिहून देऊ शकेल आणि त्याची तारखेसह पोच घेऊ शकेल. ही खिडकी संध्याकाळी उघडी असावी, कारण दिवसा गाडी चालवणाऱ्यांनाच तिची गरज आहे. ॲपवर तक्रारीची सोय आहे, पण ज्याला इंग्रजी वाचता येत नाही आणि कागदपत्रं चढवता येत नाहीत त्याला ती नसल्यासारखीच.

आक्षेपाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं. तक्रार फेटाळली असेल तर का फेटाळली, हे एका-दोन वाक्यांत लिहावं आणि खाली अधिकाऱ्याचं पद असावं. "तक्रार बंद" एवढाच मेसेज हे उत्तर होत नाही. ज्या चलानाच्या फोटोत गुन्हा किंवा नंबर दिसत नाही आणि ज्याची नोटीस मुदतीत निघालेली नाही, ते अर्ज न करता आपोआप रद्द व्हावं. चलान काढणारा संगणक हे तपासू शकतो. आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत ते चलान थकबाकीत धरू नये. आणि ज्याला कोर्टात लढायचं आहे त्याची सुनावणी व्हिडिओवर व्हावी किंवा जवळच्या कोर्टात ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेत व्हावी. पैसे भरायला काटोलचं कोर्ट मोबाईलवर येऊ शकतं, तर बाजू मांडायलाही कोर्ट मोबाईलवर यायला काय हरकत आहे?

यावर उत्तर येईल, की पोलिसांकडे माणसं कमी आहेत. ते खरं आहे. आंबेडकर रोडच्या धुरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या हवालदाराचे हाल मी पाहते आणि त्याच्याविषयी मला आदर आहे. पण चुकीची चलानं सुरुवातीलाच गाळली गेली तर त्याच्यावरचाच ताण कमी होईल. लोक खोट्या तक्रारी करतील असंही म्हटलं जाईल. फोटो स्पष्ट असेल तर खोटी तक्रार खिडकीवरच संपते. माझ्या दुकानात तसंच होतं. फोटोत स्वतःची गाडी लाल सिग्नलपुढे उभी दिसली की माणूस वाद घालत नाही, मुकाट्याने पैसे काढतो. चांगला पुरावा वसुलीही वाढवतो.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी आपल्यापुरतं काय करायचं, तेही सांगते. आरसीवरचा मोबाईल नंबर चालू आहे का ते पाहा आणि नसेल तर बदलून घ्या. अधूनमधून गाडीच्या नंबरावर चलान तपासा. चलान दिसलं की आधी फोटो उतरवून ठेवा आणि मग भरायचं की नाही ते ठरवा. भरलं की ते प्रकरण तडजोडीने मिटतं, त्यामुळे आक्षेप घ्यायचा असेल तर भरण्याआधीच घ्या. गाडीचे त्या दिवशीचे कागद, म्हणजे गॅरेजचं बिल, टोलची नोंद, कामाच्या ॲपवरची फेरी, असं काही असेल तर जोडा. फोटोवरून काही कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर यंत्राचं प्रमाणपत्र आणि मूळ फोटो मागता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

गाडी विकली असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून थांबू नका. विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्यायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या अपघात भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुम्ही विकलेल्या गाडीने अपघात केला तर पाचशेच्या चलानाहून कितीतरी मोठा बोजा तुमच्या दारात येऊ शकतो. आरसीवर नवं नाव चढलेलं स्वतः पाहा.

कोर्टाचं समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका. दारू पिऊन गाडी चालवण्यासारखे गुन्हे वेबसाइटवर पैसे भरून मिटत नाहीत, तिथे न्यायाधीशासमोर जावंच लागतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रियांना तो उत्पन्नाची अट न पाहता मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर आहे. आणि व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एखादी फाइल आली, ती उतरवून घ्या असं सांगितलं, तर ती उघडू नका. अशा फाइलींतून लोकांची बँकखाती रिकामी झाली आहेत. सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं, एवढं पाहूनच पैसे भरा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करा.

माझ्या भागातल्या चालकांना मी एवढंच सांगत आले आहे आणि आता वाचकांनाही सांगते. चलान बरोबर असेल तर आजच भरा आणि पुन्हा तो नियम मोडू नका. चुकीचं असेल तर कटकट नको म्हणून पैसे टाकू नका. आक्षेप लेखी द्या, पोच मागून घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला पुढच्या भेटीत विचारा, की आमच्या वाहतूक विभागात चलानाचं गाऱ्हाणं मराठीत ऐकणारी खिडकी कधी उघडणार?